स्टारड्यू व्हॅली : निवांत म्हणवणाऱ्या या खेळात इतकी घाई का होते?

कवडसा

नमस्कार. गेले काही महिने मी 'स्टारड्यू व्हॅली' खेळतो आहे आणि काल रात्री माझ्या शेतावरचे तिसरे वर्ष लागले. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जोजा नावाच्या बड्या कंपनीतल्या कामाला विटलेला नायक (किंवा नायिका) आजोबांनी अखेरच्या दिवसांत हाती दिलेले मोहोरबंद पत्र उघडतो. पेलिकन टाउन या लहानशा गावालगतची आजोबांची पडीक जमीन त्याच्या वाट्याला आलेली असते. तिथे पेरणी, गुरे-कोंबड्या, मासेमारी, खाणकाम आणि गावकऱ्यांशी ओळखी करत तो नव्याने आयुष्य मांडतो. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आजोबांचा आत्मा येऊन दोन वर्षांच्या कामाची पारख करतो आणि शेतातल्या त्यांच्या स्मारकाच्या चार मेणबत्त्यांपैकी आपण मिळवल्या तितक्या पेटतात. माझ्या तीन पेटल्या.

चौथी का पेटली नाही, हा विचार करत मी मागच्या दोन वर्षांकडे पाहिले आणि मला वेगळ्याच गोष्टीचे वाईट वाटले. उन्हाळ्याच्या २८ तारखेला, म्हणजे त्या ऋतूच्या शेवटच्या रात्री, चमकणारे जेलीफिश पाहण्यासाठी सारा गाव समुद्रकिनाऱ्यावर जमतो. मी दोन्ही वर्षी गेलो नाही. पहिल्या वर्षी खाणीत होतो. दुसऱ्या वर्षी शेडमधली वाइनची पिंपे एकेक करून रिकामी करत होतो आणि पुन्हा भरत होतो. कोपऱ्यातल्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा झालेले दिसले, आता किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत उशीर होईल असे वाटले आणि मी पुढचे पिंप उघडले.

या खेळाचे गुण मला मनापासून मान्य आहेत. त्याचे संगीत, ऋतू पालटताना बदलणारे रंग, पावसाच्या दिवशी शेताला पाणी घालावे लागत नाही याचा होणारा आनंद, हे सारे अस्सल आहे. तरीही दिवसभराच्या कामानंतर विसावा म्हणून मी हा खेळ उघडतो आणि तासाभरात तिथेही कामाची यादी करू लागतो. हा दोष खेळाच्या रचनेतला आहे की आपल्या सवयीतला? जाणकारांनी आपापला अनुभव लिहावा.

चांदणचुरा

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. घड्याळाबद्दलची तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. खेळातली दहा मिनिटे म्हणजे आपली सुमारे सात सेकंद. सकाळी सहाला सुरू झालेला दिवस रात्री दोनला संपतो, म्हणजे सारा दिवस चौदा-साडेचौदा मिनिटांत आटोपतो. दोनच्या आत अंथरूण गाठले नाही तर आपले पात्र आहे तिथे कोसळते आणि खिशातले थोडे सोने जाते. यामुळे धावपळ होते हे खरे आहे.

पण घाई आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या खेळात जवळजवळ कशालाच कायमची मुदत नाही. एक ऋतू २८ दिवसांचा, चार ऋतूंचे वर्ष ११२ दिवसांचे, आणि वर्षे कितीही खेळता येतात. जो उत्सव हुकला तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो. गावाचे मोडकळीस आलेले सभागृह दुरुस्त करण्यासाठी त्याच्या सहा दालनांना लागणारी सामग्री पहिल्याच वर्षी जमवली पाहिजे असे कोणीही म्हणत नाही. तुमची चौथी मेणबत्तीसुद्धा हातची गेलेली नाही, कारण स्मारकावर एक हिरा ठेवला की आजोबा पुन्हा पारख करतात.

त्यामुळे माझे मत असे की खेळ आपल्याला घड्याळ देतो, घाई आपण घरून घेऊन येतो. माझ्या पहिल्या शेतावर पाचव्या वर्षापर्यंत सभागृह अर्धेच दुरुस्त होते आणि माझे काहीही अडले नाही.

नवखा

मी आजवर एकही व्हिडिओ गेम खेळलेलो नाही, पण हा धागा वाचून उत्सुकता वाटते आहे. खाणकाम, मासेमारी वगैरे सगळे जमलेच पाहिजे का? नुसती शेती करून राहता येते का?

दगडफूल

नवखा, राहता येते. सुरुवातीला हातात ५०० सोन्याची नाणी आणि पार्सनिप या कंदाच्या १५ बिया मिळतात. पार्सनिप चार दिवसांत तयार होतो. त्याच्या विक्रीतून पुढचे बियाणे घ्यायचे आणि हळूहळू वाफे वाढवायचे. खाण टाळल्यास तांबे-लोखंड कमी पडते आणि अवजारे सुधारायला वेळ लागतो, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या खेळाचे मूळ पाहिले तर त्याच्या गुणदोषांचा उलगडा होतो. १९९६ साली जपानमध्ये 'हार्वेस्ट मून' आला आणि शेती, ऋतू, गावकरी, लग्न यांचा हा साचा तिथे पहिल्यांदा ठळकपणे घडला. त्या मालिकेवर प्रेम करणाऱ्या एरिक बारोन या एकट्या माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून स्टारड्यू व्हॅली केला. त्याची संगणकाज्ञावली, चित्रे, संगीत आणि संवाद ही सगळी त्याचीच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो संगणकावर आला आणि २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. दरम्यान जे मोठे अपडेट आले, त्यांतल्या २०२० च्या १.५ ने एक अख्खे बेट जोडले, २०२४ च्या १.६ ने नवे उत्सव आणि नवे शेत जोडले, आणि हे सगळे खेळाडूंना विनामूल्य मिळाले.

एका तुलनेवरून मला या घड्याळाचे मोल कळले. २००९ साली फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला तेव्हा त्यातली पिके आपल्या खऱ्या घड्याळावर वाढत आणि वेळेत काढली नाहीत तर कोमेजत. म्हणजे खेळ बंद केला तरी शेत आपल्या मानगुटीवर बसलेले असे. स्टारड्यूमध्ये दिवस कितीही धावता असला तरी खेळ बंद केल्याक्षणी तो थांबतो. महिन्याभराने परत आलात तरी तीच सकाळ, तेच ओले वाफे आणि दारात तेच मांजर. हा खेळ आपल्याला बोलावणी पाठवत नाही. निवांतपणाची माझी व्याख्या इथून सुरू होते.

वाटसरू

चर्चा चांगली चालली आहे, पण घड्याळाच्या मागे काय आहे ते कोणी पाहिलेले दिसत नाही. मी शेतकरी घरात वाढलो आहे, त्यामुळे हा खेळ हाती घेतला तेव्हा माझे लक्ष सर्वांत आधी बाजारभावाकडे गेले.

या खेळात माल कितीही विकला तरी भाव पडत नाही. शेतातल्या विक्रीच्या पेटीत रात्री एक ब्लूबेरी टाका किंवा हजार टाका, प्रत्येकीला ठरलेलाच दर मिळतो. मालाचा दर्जा वाढला तर दर वाढतो, पण आवक वाढली म्हणून तो उतरत नाही. जमीन निकस होत नाही. एकाच वाफ्यात वर्षानुवर्षे एकच पीक घ्या, उतारा कमी येणार नाही. कीड नाही, अवकाळी गारपीट नाही, कर्ज नाही. कावळे येतात, पण बुजगावणे उभे केले की त्याच्या टापूतले पीक सुखरूप राहते. पीक हातचे जाते ते मुख्यत्वे ऋतू बदलल्यावर, आणि ती तारीख तर पहिल्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसत असते. थोडक्यात, इथे घाम आहे पण धास्ती नाही. ज्याने धास्ती पाहिली आहे त्याला हे किती मोठे सुख आहे ते वेगळे सांगायला नको. माझ्या वडिलांनी एकदा माझ्याशेजारी बसून अर्धा तास हा खेळ पाहिला आणि 'पाऊस उद्या येणार म्हणजे येणारच का?' एवढेच विचारले. खेळातल्या टीव्हीवर उद्याचे हवामान सांगतात आणि त्याप्रमाणेच घडते, असे मी म्हणालो. मग ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

पण याच गुणाच्या पोटी कवडसा यांचा प्रश्न जन्माला येतो. जोखीम काढून टाकली की शेतकऱ्यापुढे चिंता करण्याजोगा एकच ऐवज उरतो, तो म्हणजे वेळ. भाव पक्का, हवामान पक्के, उतारा पक्का, मग हिशेब करायचा तो फक्त दिवसातल्या तासांचा. आणि हिशेब इतका सरळ असल्यामुळे त्याचे उत्तरही एकच निघते. हरितगृहात एन्शंट फ्रूट लावा, ते दर सात दिवसांनी तोडा, पिंपात घालून त्याची वाइन करा. वाइनला फळाच्या मूळ दराच्या तिप्पट दर मिळतो. एकदा हे कळले की बाकीची पिके शोभेपुरती राहतात. दुसऱ्या वर्षानंतर सगळ्यांची शेते एकसारखी दिसू लागतात, ती याच कारणाने. माझ्या मते खेळाचा खरा दोष हा आहे. घड्याळ हे त्याचे नुसते लक्षण आहे.

शेवाळ

वाटसरू, 'घाम आहे पण धास्ती नाही' हे अगदी पटले. मला मात्र एका वेगळ्या दोषाबद्दल लिहायचे आहे, कारण त्याच्याशी माझा रोजचा संबंध आहे.

माझ्या बोटांच्या सांध्यांना त्रास आहे. शेती, गुरे, गावकरी हे सर्व मी सावकाश आणि आनंदाने करू शकते. मासेमारीपाशी मात्र माझे घोडे अडते. गळाला मासा लागला की एक उभी पट्टी दिसते. बटण दाबून, सोडून, पुन्हा दाबून तिच्यातला हिरवा पट्टा वरखाली उसळ्या मारणाऱ्या माशाच्या मागे ठेवायचा असतो. कॅटफिश किंवा स्टर्जनसारख्या माशांना ज्या वेगाने बटण दाबावे लागते तो वेग माझ्या हाताला झेपत नाही. बरे, ही नुसती हौसेची बाब नाही. सभागृहातले मत्स्यदालन भरल्याशिवाय सभागृह पूर्ण होत नाही आणि सभागृहाशी गावाची सारी कथा बांधलेली आहे.

जो खेळ जॉर्जसारख्या चाकांच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला इतक्या आपुलकीने चितारतो, त्याने या एका ठिकाणी हाताच्या चपळाईची अट घालावी याचे मला दुःख होते. शेतीत जशी स्प्रिंकलरची सोय आहे तशी इथे हवी होती. चपळाई सर्वांकडे सारखी नसते.

चांदणचुरा

शेवाळताई, तुमचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, त्यावर माझा काहीही प्रतिवाद नाही. फक्त दोन उपाय सुचवते, तुम्हाला कदाचित माहीत असतील. किनाऱ्यावरच्या विली या कोळ्याच्या दुकानात २५ सोन्यांना सरावाची काठी मिळते. तिच्यावर सोपे मासेच लागतात, पण हिरवा पट्टा मोठा राहतो आणि त्या सोप्या माशांवर मासेमारीची पातळी वाढवता येते. पातळी वाढली की इतर काठ्यांवरही पट्टा आपोआप रुंदावतो. दुसरे असे की शुक्रवारी आणि रविवारी जंगलात फिरती व्यापारीण येते. तिच्याकडे अधूनमधून हवा असलेला मासा विकत मिळतो. महाग पडतो, पण दालनात चालतो.

शेवाळ

सरावाच्या काठीचे माहीत होते, व्यापारिणीकडून मासे घ्यायचे मात्र सुचले नव्हते. मनापासून आभार.

मृण्मयी

जॉर्जचा उल्लेख आला म्हणून लिहिते. शेती हे या खेळाचे निमित्त आहे आणि गावकरी हा त्याचा गाभा आहे, असे मला वाटते. वरवर पाहता गाव गोंडस दिसते, पण जवळ गेल्यावर प्रत्येक घरात काहीतरी दुखते आहे हे कळते. शेन जोजाच्या दुकानात राबतो, रात्री दारूत बुडतो आणि एका प्रसंगी पावसात कड्याच्या टोकाशी पडलेला आपल्याला सापडतो. पेनी आईबरोबर मोडक्या ट्रेलरमध्ये राहते आणि गावातल्या दोन मुलांना शिकवते. केंट पहिले वर्षभर दिसतच नाही. दुसऱ्या वर्षी तो युद्धावरून घरी परततो आणि घरातल्या साध्या आवाजांनीही अस्वस्थ होतो. लायनस तंबूत राहतो आणि ते त्याने स्वतः निवडलेले आहे, हे खेळ आपल्याला समजावून सांगतो. लग्नासाठी बारा जण आहेत आणि आपले पात्र स्त्री असो वा पुरुष, बारांपैकी कोणाशीही संसार थाटता येतो.

पहिल्या वर्षी मी जॉर्जला नुसती वाट अडवणारा खाष्ट म्हातारा समजत होते. वसंतात रानात उगवणारी लीकची पात मी सहज त्याच्या हातात दिली आणि त्याचा चेहरा खुलला. ती त्याला अत्यंत प्रिय आहे हे मला ठाऊक नव्हते. त्यानंतर लीक दिसली की मी ती पेटीत विकली नाही, त्याच्यासाठी राखून ठेवली. विकली असती तर जेमतेम ६० सोनी मिळाली असती.

आता दोष. ही मैत्री भेटवस्तूंच्या मापाने मोजली जाते. आठवड्याला दोन भेटी, वाढदिवसाला दिलेल्या भेटीचे मोल आठपट, आणि रोज बोलले नाही तर हळूहळू ओसरणारी जवळीक. कोणाला काय आवडते याची यादी पाठ झाली की माणसे माणसे राहत नाहीत. कवडसा यांच्या पिंपांसारखी तीही भरायची आणि रिकामी करायची वस्तू होऊन बसतात. सर्वांत जास्त खटकते ते लग्नानंतर. ज्याच्या मनापर्यंत पोहोचायला वर्ष लागले, तो नवरा झाल्यावर तीच तीच वाक्ये म्हणत स्वयंपाकघरात उभा राहतो. मुले रांगतात, चालू लागतात आणि तिथेच थांबतात, ती कधीच मोठी होत नाहीत. शेताला अंत नाही पण घराला आहे, ही उणीव मला फार जाणवते.

वाटसरू

मृण्मयी, लीकचा प्रसंग वाचून मला माझाच मुद्दा थोडा दुरुस्त करावासा वाटतो. पेटीतला भाव पक्का आहे म्हणून शेत एकसुरी होते, असे मी म्हणालो. पण जे पीक विकायचेच नसते त्याला तो नियम लागू होत नाही. भेट देण्यासाठी, सभागृहासाठी आणि स्वयंपाकासाठी जी पिके लागतात, त्यांनीच शेत विविध ठेवले आहे. लाल कोबीचे उदाहरण घ्या. नफ्याच्या हिशेबात त्याला कोणी विचारणार नाही, पण सभागृहासाठी तो लागतो आणि पिअरच्या दुकानात त्याचे बियाणे दुसऱ्या वर्षीच येते. त्या एका कोबीसाठी मी पहिल्या वर्षी किती शुक्रवार-रविवार व्यापारिणीकडे खेपा घातल्या, त्यांची गणती नाही.

रानपाखरू

एका अंगाने कोणीच लिहिले नाही, म्हणून माझी भर. माझी बहीण आणि मी वेगवेगळ्या शहरांत राहतो आणि दर शनिवारी रात्री एकाच शेतावर भेटतो. २०१८ च्या १.३ अपडेटपासून अनेकांनी मिळून खेळण्याची सोय झाली. एकट्याने खेळताना पिशवी उघडली की घड्याळ थांबते, एकत्र खेळताना ते थांबत नाही आणि सगळे झोपायला गेल्याशिवाय दिवस संपत नाही. म्हणजे कागदावर पाहिले तर घाई आणखी वाढायला हवी. आमच्या बाबतीत उलट घडले. तिला गुरांची आवड, मला खाणीची. ती गाईंना गोंजारते, दूध काढते आणि बारा वाजता अंथरुणात जाऊन माझी वाट पाहत पडून राहते. 'किती खाली गेलास?' ती विचारते, 'पंच्याऐंशी' मी सांगतो, आणि १२० मजल्यांपैकी उरलेल्यांचा विषय कोणीच काढत नाही. त्या वेळात आम्ही आईच्या तब्येतीबद्दल बोलतो. घड्याळ दोघांचे असले की त्याचा जाच निम्मा होतो.

मात्र एक खबरदारी घ्यावी. पैशांचा गल्ला सामायिक ठेवायचा की वेगळा, हे आधी बोलून घ्यावे. बहिणीने गोठ्यासाठी साठवलेली रक्कम मी एकदा अवजारांवर खर्च केली होती आणि पुढचे दोन शनिवार ती आलीच नाही.

तिन्हीसांजा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझी अडचण साधी आहे आणि ती कोणी मांडली नाही. माझ्या यंत्रावर हा खेळ रात्री झोपल्यावरच प्रगती जतन करतो. घरात तान्हे बाळ असताना सलग चौदा मिनिटे मिळतील याची शाश्वती नसते. मागच्या आठवड्यात वसंताच्या १३ तारखेचा अंड्यांचा उत्सव होता. वर्षातून एकदाच तिथे मिळणारे स्ट्रॉबेरीचे बियाणे मी घेतले, घरी येऊन वाफे खणले, एकेक बी पेरले, आणि शेवटच्या ओळीला पाणी घालत असताना बाळ उठले. यंत्राची बॅटरी संपत आली होती आणि ते जोडून ठेवायला हात मोकळा नव्हता. परत आले तेव्हा पडदा काळा होता आणि खेळात पुन्हा १३ तारखेची सकाळ.

पुन्हा सगळे केले, पण दुसऱ्यांदा पेरताना पहिल्यासारखा आनंद झाला नाही. दिवसाच्या मध्यावर थांबण्याची हक्काची सोय असती तर माझ्यासारख्या अनेकींना हा खेळ खऱ्या अर्थाने निवांत झाला असता. घाई मला तारखांची होत नाही, झोपेपर्यंत पोहोचण्याची होते.

दगडफूल

तिन्हीसांजा, तुमची तक्रार मी या धाग्यातली सर्वांत रास्त तक्रार मानतो. संगणकावर खेळत असाल तर दिवस मंद करणारे किंवा थांबवणारे मॉड, म्हणजे खेळात फेरफार करणाऱ्या जोडण्या, हौशी खेळाडूंनी केलेले आहेत. कवडसा, तुम्हीही ते वापरून पाहू शकता.

चांदणचुरा

दिवस थांबवण्याला मात्र माझा विरोध आहे. अर्थात ज्यांची निकड तिन्हीसांजा किंवा शेवाळताईंसारखी आहे त्यांनी खुशाल वापरावे. बाकीच्यांनी एकदा विचार करावा. संध्याकाळ होते, आकाश निळसर होत जाते, काजवे दिसू लागतात आणि आता घरी परतले पाहिजे असे वाटते. ते वाटणे काढून घेतले तर दिवस उरत नाही, फक्त उजेड उरतो.

हिशेबनीस

आजोबांच्या पारखीचा तपशील इथे उपयोगी पडेल, म्हणून देतो. एकूण गुण २१ आहेत आणि चार मेणबत्त्यांना १२ लागतात. मिळकतीचे गुण कितीही वाढवले तरी ७ च्या पुढे जात नाहीत, आणि ते सातही १० लाख सोन्याची एकूण कमाई झाली की मिळून जातात. त्यापुढे कोट्यवधी कमावले तरी आजोबा ढिम्म हलत नाहीत. उरलेले गुण सभागृह, गावकऱ्यांची मैत्री, लग्न, पाळीव प्राण्याचा लळा, संग्रहालय, कौशल्यांच्या पातळ्या वगैरेंतून येतात. कुत्र्या-मांजराला रोज कुरवाळले तर शेवटी त्यासाठीही एक गुण आहे. कवडसा, तुमची चौथी मेणबत्ती पिंपांमध्ये सापडण्याची शक्यता मला दिसत नाही.

कवडसा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि हिशेबनीस यांच्या आकड्यांनी माझे डोळे उघडले. मी दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापर्यंत दहा लाखांच्या बराच पुढे गेलो होतो. म्हणजे त्या संबंध ऋतूत मी जी धावपळ केली तिचा पारखीसाठी काडीमात्र उपयोग नव्हता. मांजराला मात्र कित्येक दिवस हात लावला नव्हता.

मॉड घेतला नाही. चांदणचुरा यांचे काजव्यांबद्दलचे म्हणणे मनात राहिले. एवढेच केले की पिंपे निम्म्यावर आणली आणि उन्हाळ्यात शेताच्या एका अंगाला, जिथे स्प्रिंकलर पोहोचत नाहीत, तिथे झारीने पाणी घालायचे टोमॅटो लावले. ऋतूच्या पहिल्या दिवशी लावलेला टोमॅटो अकरा दिवसांनी धरतो आणि मग दर चार दिवसांनी पिकतो, त्यामुळे त्याचा शेवटचा तोडा नेमका २८ तारखेला येतो, हे मला लावताना ठाऊक नव्हते.

त्या दिवशी सकाळी उठलो तर सगळी रोपे लाल झालेली. दिवसभर शरदाची तयारी, गाईंचा चारा आणि अर्धवट राहिलेले कुंपण यांत गेला. टोमॅटो तोडायला घेतले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. एक अख्खी ओळ बाकी असताना घड्याळात दहा झाले. ती ओळ दुसऱ्या दिवशी वाळलेली दिसणार हे मला पक्के माहीत होते. टोपली तशीच पिशवीत ठेवली आणि किनाऱ्याकडे निघालो.

सगळे आधीच जमले होते. धक्क्याच्या टोकाशी पेनी मुलांबरोबर उभी होती. जॉर्जची खुर्ची त्याच्या बायकोने, एव्हलिनने, पाण्याच्या दिशेने वळवून ठेवली होती. प्रत्येकाशी बोलत बोलत मी धक्क्यावर पोहोचलो. मग गावचा महापौर लुईस याने दिवा लावलेली छोटी होडी पाण्यात सोडली, संगीत थांबले आणि काळ्या पाण्यात खालून एक निळा ठिपका वर आला. मग दुसरा. मग मोजता येईनात इतके. मी हातातले कंट्रोलर खाली ठेवले होते, कारण तिथे करण्यासारखे काहीच नव्हते.

टोमॅटोची ओळ गेली. हिऱ्याचे अजून मनावर घेतलेले नाही.

नवखा

मी काल सुरुवात केली. पंधराही पार्सनिप उगवले आहेत आणि कुत्र्याचे नाव अजून ठरत नाही.

वाटसरू

नवखा, पाणी रोज घाला आणि एक पार्सनिप विकू नका, सभागृहासाठी राखून ठेवा.

कवडसा, वाळलेली रोपे कोयत्याने निघतात, नव्याने खणण्याचा त्रास नाही. शरदाच्या पहिल्या तारखेलाच तिथे भोपळा लावा. तेरा दिवसांत तयार होतो, म्हणजे ऋतूत दोन पिके बसतात. दुसरे पीक २७ तारखेला येईल आणि त्याच रात्री गावात स्पिरिट्स ईव्हचा उत्सव असतो. भोपळे २८ ला काढले तरी चालतात.